नील की हॅवलॉक

अंदमानला जायचं ठरलं ते माझा नवरा निवृत्त झाला म्हणून, आणि घरात फाटलं ते दोन बेटांवरून. टूरवाल्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, तुमच्याकडे पाच रात्री आहेत, तीन पोर्ट ब्लेअरला गेल्या की उरतात दोन. त्या दोन रात्रींत हॅवलॉक तरी करा, नाहीतर नील तरी. दोन्ही करायला गेलात तर निम्मी सुट्टी बोटीत आणि जेट्टीवर रांगेत जाईल. रविवारपर्यंत कळवा.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, मगरपट्ट्यात आयटीची नोकरी करणारी आमची मुलगी आणि माझी थोरली नणंद. मी त्यांना ताई म्हणते. ताईंनी लग्न केलं नाही. मुलींच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्या. लहानपणी त्यांच्या डाव्या पायाला पोलिओ झाला होता. तो पाय आखूड आणि बारीक, म्हणून डाव्या बुटाचा तळ मुद्दाम जाड करून घेतलेला असायचा. बाहेर पडताना काठी. घरात काठी नाही, भिंतीला, कपाटाला, टेबलाच्या कडेला बोटं लावत चालायच्या. आधार द्यायला कोणी हात पुढे केला तर त्या हाताकडे अशा बघायच्या की माणूस गुपचूप हात खिशात घालायचा. त्या पायाचा विषय आमच्या घरात कोणी कधी काढत नसे.

मी पुढे जे केलं ते का केलं हे समजायला थोडं मागचं सांगायला हवं.

मी अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. लग्नानंतर चौथ्या दिवशी घरी पाहुणे होते आणि दुपारचा दीड वाजून गेला तरी पानं घेतली नव्हती. मी बाहेर येऊन म्हटलं, "सगळ्यांना भूक लागून राहिली असेल, पानं घेऊ का?"

"लागून राहिली?" ताई म्हणाल्या. "कुठं राहिली? भाड्यानं का?"

पाहुणे हसले. नवराही हसला. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी मनात एकदा तपासायला लागले. आज मी जे मराठी लिहिते आहे ते ताईंनीच शिकवलं आहे, रोज थोडं थोडं टोचून.

तरी बोलण्याचं मी विसरले असते. बाबांचं विसरणं जमलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझे वडील घशाच्या आजाराच्या तपासण्यांसाठी पुण्याला आले. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत तीन खोल्यांच्या जागेत राहायचो. नवव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना ताईंनी विचारलं, "परतीचं तिकीट काढलंय ना? हल्ली गाड्यांना फार गर्दी असते."

बाबांच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात ठेवला. "उद्याच निघतो जी, ताई," ते म्हणाले.

एक तपासणी राहिली होती. ती तशीच सोडून ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. साडेचार महिन्यांनी वारले. ती तपासणी झाली असती तर ते वाचले असते, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. ते मीच म्हणत आले.

तर, दोन बेटं. ताईंनी आठवडाभर खपून एक तक्ता तयार केला. मोठा कार्डशीट आणला, त्यावर दोन्ही बेटं प्रमाणात काढली, रंगीत पेन्सिलींनी समुद्र रंगवला, खाली दोन रकाने करून दोन्हींची माहिती लिहिली. आम्ही हॅवलॉक, नील म्हणायचो. त्यांनी तक्त्यावर नवी सरकारी नावं लिहिली होती, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, आणि आमच्यासाठी जुनी कंसात. बत्तीस वर्षं त्यांनी मुलींना बेटांचे प्रकार शिकवले. स्वतः समुद्र ओलांडून एकाही बेटावर गेल्या नव्हत्या. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तक्ता बघून मी मनात आणखी घट्ट होत गेले.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी तक्ता डायनिंग टेबलावर अंथरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

"हॅवलॉकला बघण्यासारखं काय, तर लांबलचक वाळू," त्या म्हणाल्या. "वाळू कोकणातही आहे. नीलला जेट्टीपासून अगदी जवळ जिवंत प्रवाळ आहे. तळाला काच लावलेल्या बोटीतून दिसतं, पोहता यावं लागत नाही. बेट लहान आहे, सपाट आहे, रस्ता शेतांमधून जातो." मग जरा थांबून, तक्त्याकडेच बघत त्या म्हणाल्या, "मला झेपेल."

मला झेपेल. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. त्या चक्क आमच्याकडे काहीतरी मागत होत्या. मला वाटतं, त्याच क्षणाची मी वाट बघत होते.

"ताई," मी म्हटलं, "मी त्या बोटीचा व्हिडिओ बघितला. चढायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. मग शिडी. बूट काढावे लागतात."

"बरं, मग?"

"बूट काढल्यावर तुम्ही नुसत्या उभ्या तरी राहू शकता का?"

हे वाक्य मला बोलण्याच्या ओघात सुचलेलं नव्हतं. आदल्या दिवशी ओट्याशी कणीक मळताना मी ते जुळवलं होतं. आधी 'चालू शकता का' होतं, ते बदलून 'उभ्या तरी' केलं. त्या 'तरी'वर मी खूश होते.

मुलीनं मोबाईल उचलून त्यात डोकं घातलं. नवरा "अगं," एवढंच म्हणाला. ताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरचं सगळं कुणीतरी पुसून काढावं तसा कोरा झाला. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर होती, ती तिथंच राहिली.

"मतं घेऊ," मी म्हटलं. "हॅवलॉक कुणाकुणाला?"

मी हात वर केला. मुलीनं केला. "आत्या, तिकडे स्कूबा आहे, म्हणून फक्त," ती पुटपुटली. नवऱ्यानं बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोपरातून अर्धवट असा हात वर केला.

"ताई, तूही ये ना हॅवलॉकला," तो म्हणाला. "तिथंही काहीतरी असेलच."

"तुम्ही या जाऊन," त्या म्हणाल्या. "मला उन्हाचा त्रास होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची पावडर काढायला मी फडताळ उघडलं तर डब्यांखाली तो तक्ता अंथरलेला. नेमका कापून, कडेला दुमडून बसवलेला, समुद्र आणि बेटं वरच्या बाजूला. पुढं कितीतरी महिने मी साखरेचा डबा उचलला की खाली नील दिसायचं. तो कागद काढून टाकायची माझी हिंमत झाली नाही, आणि ताईंना ते माहीत होतं.

आम्ही तिघं हॅवलॉकला गेलो. तिथं माझं मन लागलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. मला फार मजा आली. उंच झाडांच्या रांगेतून बाहेर पडलं की एकदम समोर पांढरी वाळू आणि हिरवट निळं पाणी. मी पंजाबी ड्रेस घालून छातीपर्यंत पाण्यात उभी राहिले. नवरा वाळूत पाय पसरून शहाळं पीत बसला होता. पुण्यातल्या घरात त्या वेळी ताई एकट्या बसल्या असतील हा विचार माझ्या मनात आला, आणि त्यानं पाणी जास्तच छान वाटलं.

फोटो मी एकेक करून घरच्या ग्रुपवर टाकत होते. खरं तर ग्रुपवर आम्ही तिघं सोडून फक्त ताई होत्या, म्हणजे ते फोटो कुणासाठी होते हे उघडच होतं. मुलीनं पाण्याखाली काढलेला प्रवाळाचा व्हिडिओ मिळाला तेव्हा तोही टाकला. खाली लिहिलं, 'ताई, तुमच्यासाठी खास.'

अर्ध्या तासानं उत्तर आलं. 'छान. पांढरं दिसतंय ते मेलेलं आहे. जिवंत प्रवाळ रंगीत असतं. पुढच्या वेळी जिवंत बघून या.'

मुलगी खो खो हसली. मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर काढला नाही.

परत आल्यावर घरात दोघी बोलत होतो, पण कामापुरतं. दूध आलं का, गॅस संपला, इस्त्रीवाला येऊन गेला. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायची नोकरी करते, संध्याकाळी सहाला घरी येते. ताई दिवसभर काय करतात हे मला कळायचं कारण नव्हतं. पावसाळा संपता संपता एकदा दुपारी लॅबमध्ये मला फोन आला. एका टूर कंपनीतून. बाईचा कोवळा, नम्र आवाज.

"मॅडम, तुमच्या नणंदबाईंनी आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या अंदमान सहलीत नाव नोंदवलंय. त्यांच्या फॉर्मवर घरचा नंबर म्हणून तुमचा आहे. आम्ही सगळ्यांच्या घरी एकदा फोन करून खात्री करतो."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कुठलं बेट आहे सहलीत?" मी विचारलं.

"नील आहे, मॅडम. एक मुक्काम."

नंबर भावाचा द्यायचा सोडून माझा का दिला, हे मला आजही नीट कळलेलं नाही. भावाला आधी कळू द्यायचं नसेल. किंवा नवरा मोबाईल उचलत नाही आणि मी नेहमी उचलते, एवढंच साधं असेल.

"सगळं ठीक आहे मॅडम, फक्त तब्येतीचं विचारते," ती मुलगी म्हणाली. "चालण्यात काही अडचण, या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलंय. बरोबर ना?"

समोरच्या स्क्रीनवर कुणाचा तरी साखरेचा रिपोर्ट होता. मी त्यातले आकडे बघत म्हटलं, "नाही, बरोबर नाहीये. डाव्या पायाला पोलिओ आहे. काठी लागते. शिड्या चढता येत नाहीत. वाळूत तोल जातो."

"अरे बापरे. हे त्यांनी लिहिलं नाही."

"लिहिणार नाहीत त्या," मी म्हटलं.

एकही शब्द खोटा नव्हता. हे मी फोन ठेवल्यावर स्वतःला सांगितलं, घरी जाताना बसमध्ये सांगितलं, आणि स्वयंपाक करताना पुन्हा सांगितलं.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर ताई हॉलमध्ये बसल्या होत्या. बूट पायात, काठी मांडीवर. त्या टूर कंपनीच्या ऑफिसात स्वतः रिक्षानं जाऊन आल्या होत्या.

"तुला फोन आला होता?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"खरं," त्या म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, वर्गात एखादीनं अवघड प्रश्नाचं उत्तर बरोबर दिल्यासारखी. "बरोबर आहे. खोटं मी लिहिलं होतं."

मग उठल्या, भिंतीला हात लावत खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दाराची कडी मी इतक्या वर्षांत कधी वाजलेली ऐकली नव्हती.

नवऱ्याला मी स्वतःच सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. तो फारसा बोलणारा माणूस नाही. चिडला की नुसता चष्मा पुसत बसतो. त्या दिवशी त्यानं बराच वेळ चष्मा पुसला. मग कंपनीला फोन लावला. त्यांचं म्हणणं, घरचं कोणी जबाबदार माणूस सोबत असेल तर नेऊ, एकट्या असतील तर नाही. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलेलं होतं, मुलीला रजा नव्हती.

"फोन तू घेतला होतास ना," तो मला म्हणाला. "मग तूच जा."

"त्या येतील माझ्याबरोबर?"

"ते तिला विचार. माझ्याकडून नाही विचारलं जाणार आता."

मी दारावर टकटक केलं. ताईंनी दार उघडलं नाही. मी दाराबाहेर उभी राहून सगळं सांगितलं, कंपनी काय म्हणते, हे काय म्हणतात.

आतून आवाज आला, "त्यापेक्षा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. त्या स्वयंपाकघरात आल्या, आपला चहा ओतून घेतला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ठीक आहे. हमाल म्हणून चालशील."

दिवाळीनंतर आम्ही दोघी गेलो. सहलीत बावीस जण होते, बहुतेक निवृत्त जोडपी, सगळे एकमेकांना खाऊ वाटत होते. आम्ही नणंद-भावजय एकत्र फिरतो याचं सगळ्यांना फार कौतुक. एक बाई म्हणाल्या, "अशी भावजय मिळायला भाग्य लागतं हो."

"लागतं खरं," ताई म्हणाल्या. "माझं जरा जास्तच लागलं."

त्या बाईंना ते कळलं नाही. मला कळलं.

पोर्ट ब्लेअरहून नीलला जाणाऱ्या बोटीत मला उलट्या सुरू झाल्या. हॅवलॉकला जाताना झाल्या नव्हत्या, त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. ताई खिडकीशी ताठ बसल्या होत्या, त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. "फाटकी नाही ना बघ आधी," त्या म्हणाल्या. मग सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी मान खाली घालून त्या पिशवीत तोंड खुपसून बसले होते आणि मनात ताईंना म्हणत होते, आता काय करायचं ते करा.

नील खरोखरच त्यांनी सांगितलं होतं तसं निघालं. जेट्टी, तिच्याजवळ किनारा, आत सपाट रस्ता आणि भाज्यांचे मळे. दुपारी सगळे काचेच्या बोटीकडे निघाले. बोट पाण्यात उभी होती, आणि व्हिडिओत होतं तसंच, गुडघाभर पाण्यातून जायचं आणि लोखंडी शिडीच्या तीन पायऱ्या चढायच्या. ताई वाळूवर एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि बूट काढले. बावीस जणांसमोर. डावा पाय बाहेर आला, तसे सगळे दुसरीकडे बघायला लागले.

आमचा गाईड धावत आला. "आजी, तुम्ही इथं सावलीत बसा ना. मी तुम्हाला मोबाईलवर शूटिंग करून आणून देतो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. आता तुझी वेळ आहे, बोल काय बोलायचं ते, असं काहीतरी होतं. आणि मी खरोखर बोलू शकले असते. मी फक्त गप्प राहिले असते तरी गाईडनं त्यांना बसवून ठेवलं असतं.

"त्या येणार आहेत," मी म्हटलं.

मी हे चांगुलपणानं म्हटलं का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या बोटीत चढता न येऊन पडतील आणि मी घरी म्हटलं ते सगळ्यांसमोर खरं ठरेल, असंही मनात असेल. मी माणूस म्हणून तेव्हा काही फार सुधारले नव्हते.

पाण्यातून त्या काठीच्या आणि माझ्या खांद्याच्या आधारानं गेल्या. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. शिडीशी पोचल्यावर नावाड्यानं वरून हात दिला. उजवा पाय पहिल्या पायरीवर गेला, पण डावा उचलला जाईना. पाण्यात तो नुसता तरंगत होता. वरून कुणीतरी म्हणालं, राहू दे, राहू दे. मी वाकले, पाण्यात हात घातले आणि तो पाय उचलून पायरीवर ठेवला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच हातात धरला. पोटरी म्हणून काही नव्हतीच, माझ्या मनगटाएवढं हाड आणि त्यावर गार कातडी.

"हळू," ताई दातांमधून म्हणाल्या. "लाकडाचा नाहीये तो."

दुसरी पायरी. पुन्हा पाय उचलून ठेवला. तिसरी. मग नावाड्यानं त्यांना वर ओढून घेतलं आणि त्या फळीवर जवळजवळ आदळल्या. साडी कमरेपर्यंत भिजलेली, केस सुटलेले. दोन्ही हातांनी त्यांनी केस बांधले आणि लगेच काचेवर वाकल्या.

खरं सांगायचं तर तिथं फार काही नव्हतं. काचेवर ओरखडे होते, पाणी हिरवट. खाली बराच भाग राखाडी, मोडकातोडका. पण मधे मधे रंगीत गोळे आले, जांभळट, पिवळे, एकावर मेंदूसारख्या वळ्या. ताईंनी पदरानं काच पुसली. मग त्यांचा वर्गातला आवाज सुरू झाला. हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. एकेक जीव मुंगीएवढा असतो, त्यांची घरं एकमेकांवर चढत जातात. पाणी थोडं जास्त तापलं तरी मरतात. बोटीतले सगळे गप्प बसून ऐकायला लागले, नावाडीसुद्धा. एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही आधी येऊन गेलाय वाटतं इथं?"

"बत्तीस वर्षं येत होते," त्या म्हणाल्या.

वीस मिनिटांत फेरी संपली. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला नाही, नावाड्याचा धरला.

संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला दुसऱ्या किनाऱ्यावर गेले. आम्ही दोघी जरा बाजूला खुर्च्यांवर बसलो होतो. बाकीचे ओळीनं उभे राहून फोटो काढत होते. तिथं मी विचारलं. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते एकदम तोंडातून आलं, तपासायच्या आधीच.

"तुम्ही माझ्या बाबांना परतीचं तिकीट का विचारलंत?"

मला वाटलं होतं, त्यांना आठवणार नाही. त्यांनी लगेच उत्तर दिलं.

"कारण ते माझ्या खोलीत झोपत होते. माझ्या कॉटवर. नऊ दिवस मी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपत होते. डिसेंबर होता. जमिनीवरून मला उठता यायचं नाही. सकाळी तुम्ही उठायच्या आत मी ओट्याला धरून धरून उभी राहायचे, अर्धा अर्धा तास लागायचा." त्या समोर समुद्राकडे बघत होत्या. "तुझी खोली त्यांना देऊ का म्हणून कोणी मला विचारलं होतं? तू नाही, तुझ्या नवऱ्यानं नाही. मी शाळेतून आले तर माझी गादी बाहेर काढून ठेवलेली होती."

गादी मी काढली होती. हे मला आठवलं, अगदी तिची चौकड्यांची खोळसुद्धा आठवली. त्या कुठं झोपतात हे मात्र आठवेना. मी कधी बघितलंच नव्हतं.

"तुम्ही तेव्हा म्हणायचं होतं," मी म्हटलं.

"काय? मला जमिनीवरून उठता येत नाही, असं? तुझ्या वडिलांसमोर?"

मी चपलेत शिरलेली वाळू झटकली.

"ते आजारी होते हे मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "तरी विचारलं. त्याची मला लाज वाटते असं समजू नकोस. त्या दिवशी मला फक्त माझी कॉट हवी होती."

"ते चार महिन्यांत गेले."

"माहीत आहे. साडेचार."

तेवढ्यात सूर्य बुडाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "टाळ्या कशाला वाजवतात, रोजच बुडतो," त्या म्हणाल्या, आणि उठायला काठी शोधू लागल्या. काठी माझ्या बाजूला पडली होती. मी उचलून दिली. आम्ही दोघींनी एकमेकींची माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या रात्रीचं जेवण आम्ही एका टेबलावर घेतलं. मासा चांगला होता, एवढंच बोलणं झालं.

पुण्याला आल्यावर ताईंनी भावाला सांगितलं की सहल उत्तम झाली, फक्त सोबतीला दिलेलं माणूस बोटीत निकामी ठरलं. तीन महिन्यांनी त्यांनी कात्रजकडे निवृत्तांसाठी असलेल्या एका वसतिगृहात खोली घेतली. नवऱ्यानं पुष्कळ समजावलं. "मला माझ्या हक्काची खोली हवी आणि दारावर माझं नाव," त्या म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही." त्या 'तुमच्यावर'मध्ये मीही होते की ते नुसतंच अनेकवचन होतं, कोण जाणे. जाताना त्यांच्या खोलीतलं एकही सामान त्यांनी मला बांधू दिलं नाही.

त्या गेल्यावर मुलीनं ती खोली मागितली. मी सहा महिने दिली नाही. का, ते विचारलं तर म्हटलं, रंग द्यायचाय.

महिन्यातून एकदा आम्ही दोघं कात्रजला जातो. आमच्या हडपसरच्या घरून तिथं पोचायला ट्रॅफिकमध्ये तास-सव्वा तास लागतो आणि ताई आम्हाला पाऊण तासात कंटाळतात. गेल्या खेपेला नवरा खाली गाडी लावत होता म्हणून मी एकटीच वर गेले. दार उघडं होतं. आत शेजारच्या खोलीतल्या एक बाई बसल्या होत्या, आणि ताई त्यांना नीलचं सांगत होत्या, बोट, पाणी, ती लोखंडी शिडी.

"एकट्या गेला होतात?" त्या बाईंनी विचारलं.

"छे. भावजयीनं नेलं," ताई म्हणाल्या.

मग त्यांना मी दारात दिसले. त्यांचं बोलणं तिथंच तुटलं. माझ्या पायांकडे बघून त्या म्हणाल्या, "चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसून घेतलीय."

मी मागे सरून बाहेर गेले आणि चपला काढल्या. आत आले तेव्हा ताई त्या बाईंना दुसरंच काहीतरी सांगत होत्या, मेसमधल्या पातळ आमटीबद्दल, आणि मला बसायला खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून मी त्यांच्या कॉटच्या कडेवर बसले.